कात, मीठ आणि गाठ



वेचणीच्या दिवसांत वावरातली कामे आटोपून विज्ञानाच्या व्याख्यानाला यायचे, हे सोपे नाही. तुम्ही आलात, काही जण तर मागे उभे आहेत, तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही.

संप्रेरक म्हटले की आपल्याला काय आठवते? थायरॉइडची सकाळची गोळी. वयात येणारी मुले-मुली. 'हार्मोन बिघडले' हे वाक्य आता तालुक्याच्या दवाखान्यातही रोज कानावर पडते. त्या वाक्यामागे एक समजूत असते. संप्रेरक रक्तातून येते, हुकूम सोडते आणि शरीर तो मुकाट्याने पाळते. जास्त झाले की परिणाम जास्त, कमी झाले की कमी. ही समजूत अपुरी आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. संप्रेरक पेशीत शिरते आणि एका प्रथिनाला चिकटते. त्या प्रथिनाला ग्राही म्हणू. तुमच्या तपासणीच्या कागदावर त्यालाच रिसेप्टर लिहिलेले असते. पुढे कोणते जनुक जागे व्हायचे आणि कोणते निजून राहायचे, हे मात्र त्या ग्राहीच्या भोवती, त्या पेशीत, त्या घडीला आणखी कोणती प्रथिने आहेत यावर ठरते. संप्रेरक तेच, ग्राही तोच. सोबती बदलले की परिणाम पार उलटा होऊ शकतो.

सगळे ग्राही असे पेशीच्या आत नसतात. इन्शुलिनचा ग्राही पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. मी बोलणार आहे ते थेट डीएनएवर जाऊन बसणाऱ्या ग्राहींबद्दल. माणसात या कुळातले ४८ ग्राही आहेत. इस्ट्रोजेन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, या सगळ्यांचे ग्राही याच कुळातले.

पण सुरुवात माणसापासून करत नाही. पऱ्हाटीपासून करतो.

बोंडअळी तुम्हाला मी काय सांगणार? डोमकळी ओळखायला तेल्हाऱ्याच्या माणसाला पुस्तक लागत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले, ते या सभागृहात बसलेल्यांनी सोसले आहे. मला तुमचे लक्ष अळीच्या एकाच गोष्टीकडे वळवायचे आहे. ती कात टाकते. अळी वाढते, पण तिची कातडी वाढत नाही. म्हणून जुनी कातडी उतरवायची, आत तयार झालेली नवी घालायची, असे ती कोष होईपर्यंत अनेकदा करते. हे कधी करायचे, हे तिला कोण सांगते?

१९५४ साली जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट आणि पीटर कार्लसन यांनी याचे उत्तर हातात घेतले, अक्षरशः हातात. त्यांनी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोष दळले, गाळले, शुद्ध केले आणि त्यातून त्यांना मिळाले २५ मिलिग्रॅम स्फटिक. पाचशे किलोंतून पंचवीस मिलिग्रॅम! हे एक्डायसोन, कात टाकायला लावणारे संप्रेरक. ते स्टेरॉइड आहे, म्हणजे आपल्या इस्ट्रोजेनच्या नात्यातले आहे, हे नंतर कळले.

मग १९६० मध्ये कार्लसन आणि उलरिख क्लेव्हर यांनी एक प्रयोग केला, तो मी वर्गात दर वर्षी शिकवत आलो आणि दर वर्षी मला तितकाच सुंदर वाटला. कायरोनोमस नावाची डासासारखी दिसणारी, पण न चावणारी एक माशी असते. तिच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरचे पट्टे दिसतात. त्या अळीला त्यांनी एक्डायसोन टोचले आणि बघत बसले. तासाभरात गुणसूत्रावरच्या ठरावीक जागा फुगल्या. ज्या जागी जनुक कामाला लागते ती जागा सैल होऊन फुगते. संप्रेरक जनुकाला जागे करते, याचा डोळ्यांनी दिसलेला हा पहिला पुरावा. तो माणसात मिळाला नाही, उंदरातही नाही. एका माशीच्या अळीत मिळाला.

एक्डायसोनचा ग्राही सापडायला मात्र १९९१ साल उजाडले. अमेरिकेत स्टॅनफर्डला डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीमध्ये तो सापडला. आणि तिथेच एक अडचण उभी राहिली. हा ग्राही एकटा ठेवला तर डीएनएवर नीट बसेना, संप्रेरकही घट्ट धरेना. त्याला दुसरे एक प्रथिन लागत होते. त्याचे नाव अल्ट्रास्पिरॅकल. आपण त्याला नुसता जोडीदार म्हणू. एकट्या बैलावर नांगर चालत नाही, जोडी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि जोडीतला एक बैल असा असतो की तो कोणाच्याही शेजारी जुंपा, चालतो. हा जोडीदार तसा आहे. माणसातल्या त्याच्या भावंडाला आरएक्सआर म्हणतात. ते ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीसोबत जुंपले जाते, थायरॉइडच्या ग्राहीसोबत जुंपले जाते, अ जीवनसत्त्वापासून होणाऱ्या आम्लाच्या ग्राहीसोबतही जुंपले जाते. एकच बैल, जोड्या अनेक, आणि प्रत्येक जोडी डीएनएच्या वेगळ्या तासात उतरते.

या माहितीचा शेतात उपयोग झाला. मेथॉक्सीफेनोझाइडसारखी औषधे पतंगवर्गातल्या अळीच्या या ग्राहीत घट्ट बसतात. अळीने ते पानासोबत खाल्ले की तिच्या शरीरात अवेळी कात टाकण्याची तयारी सुरू होते. काही तासांत ती खाणे सोडते. पण खरी गंमत पुढे आहे. कात पूर्ण उतरायची असेल तर एक्डायसोन वाढून पुन्हा कमी व्हावे लागते. औषध ग्राहीला चिकटूनच राहते, सुटत नाही. त्यामुळे जुनी कातडी अर्धवट सुटते, नवी कच्ची राहते, आणि अळी दोन-चार दिवसांत मरते. म्हणजे संप्रेरकाचे येणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच त्याचे वेळेवर निघून जाणे. माणसाला एक्डायसोनचा ग्राही नाही, मधमाशीच्या ग्राहीत हे औषध तितके घट्ट बसत नाही, म्हणून ही औषधे इतर जहरांपेक्षा निवडक ठरली. बोंडात शिरून बसलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र ती पोचतच नाहीत, हेही सांगायला हवे. खाल्ले तरच काम करणारे औषध बोंडाच्या आत काय करणार?

कात टाकण्याचे एक झाले. पण कात टाकल्यावर पुन्हा अळीच व्हायचे की कोष, हे कोण ठरवते? त्यासाठी दुसरे संप्रेरक आहे, बालपण टिकवणारे. ते असेपर्यंत कीटक लहानाचा मोठा होत नाही. त्याची हकीकत आपल्या घरातल्या एका किड्याशी जोडलेली आहे. सरकीच्या ढिगात, घरात रचलेल्या कापसात जे लाल ढेकण्या फिरतात ना, त्यांच्या कुळातला एक युरोपी भाऊ आहे. १९६५ च्या सुमारास कारेल स्लामा हे प्राग शहरातले शास्त्रज्ञ तो किडा घेऊन अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे गेले. प्रागमध्ये हे किडे पाच अवस्था पार करून मोठे होत. हार्वर्डमध्ये ते मोठे होईनात! पाचवी अवस्था झाली की सहावी, क्वचित सातवी. आकाराने भलेमोठे, पण पिल्लेच. तशीच मरून जायची. अन्न बघितले, पाणी बघितले, उजेड बघितला. शेवटी लक्ष गेले ते पिंजऱ्यात अंथरलेल्या कागदी टॉवेलकडे. मग त्यांनी निरनिराळे कागद अंथरून पाहिले. न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदावर किडे मोठे होत नसत, लंडनच्या टाइम्सवर व्यवस्थित मोठे होत. फरक होता कागदाच्या लाकडात. अमेरिकेतला तो कागद बाल्सम फर नावाच्या सूचिपर्णी झाडाचा होता, आणि त्या झाडात या किड्याच्या बालसंप्रेरकाची नक्कल करणारे द्रव्य होते. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी किड्याच्या संप्रेरकाची नक्कल करायची, आणि ते कागद होऊन छापखान्यातून निघाल्यावरही टिकायचे! हे वाचून मी कित्येक दिवस वर्तमानपत्राकडे वेगळ्या नजरेने बघत होतो.

या बालसंप्रेरकाचा ग्राही म्हणजे मेट नावाचे प्रथिन. २०११ मध्ये ते पक्के ठरले. आणि मेटही एकटा काम करत नाही. संप्रेरक चिकटले की तो तैमान नावाच्या सोबत्याला धरतो, आणि दोघे मिळून ज्या जनुकाला जागे करतात ते जनुक प्रौढ होण्याची वाट अडवून धरते. तैमान हे नाव लक्षात ठेवा. त्याचा एक नातेवाईक आपल्याला थोड्या वेळाने स्तनाच्या गाठीत भेटणार आहे.

पांढऱ्या माशीसाठी कपाशीवर पायरीप्रॉक्सिफेन फवारतात, ते याच बालसंप्रेरकाची नक्कल आहे. उडणारी माशी त्याने मरत नाही. तिने घातलेली अंडी उबत नाहीत, पिल्लांची माशी होत नाही. म्हणजे आज फवारले तर परिणाम पुढच्या पिढीत दिसतो. आणि आपला शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जाऊन पाहतो आणि म्हणतो, ''फवारा मारला, माशी त तशीच हाय!'' मग दुकानात जातो, आणखी एक जहाल औषध आणतो, आधीच्या पंपात मिसळतो. त्याचा दोष नाही. औषध मारत नाही, वाढ थांबवते, हे त्याला कोणी बसून सांगितलेलेच नसते. माझी कळकळीची विनंती आहे, इथे कृषी सेवा केंद्रवाले कोणी असतील त्यांनाही: बाटली देताना एवढे एक वाक्य सांगा.

आता वावरातून पेशीत येऊ. हे सोबती नेमके करतात काय?

तुमच्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए आहे. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर जनुक वाचता येत नाही. संप्रेरक चिकटले की ग्राहीचा आकार बदलतो, त्याच्या अंगावर एक खाच तयार होते, आणि त्या खाचेत सोबती येऊन बसतो. १९९५ साली ह्यूस्टनला बर्ट ओमॅली यांच्या प्रयोगशाळेत असा पहिला सोबती नीट हाती लागला, त्याचे नाव एसआरसी-१. हा सोबती आणि त्याने बोलावलेली इतर प्रथिने हिस्टोनवर रासायनिक खुणा करतात, गुंडाळी सैल होते, जनुक वाचले जाते. त्याच वर्षी उलट काम करणारे सोबतीही सापडले. ते आले की खुणा पुसल्या जातात, गुंडाळी आवळली जाते, जनुक बंद.

आणि इथे एक गोष्ट फार विलक्षण आहे. थायरॉइडचा ग्राही संप्रेरक नसतानाही डीएनएवर बसलेलाच असतो. रिकामा बसलेला ग्राही काय करतो? काहीच नाही, असे आपल्याला वाटेल. तो गप्प बसत नाही. तो आवळणाऱ्या सोबत्यांना धरून ठेवतो आणि जनुक मुद्दाम बंद ठेवतो. थायरॉइडचे संप्रेरक आले की हे सोबती सुटतात, सैल करणारे येतात. त्याच जागी, तोच ग्राही, आधी दाबणारा आणि मग जागवणारा. १९१२ मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तेव्हा ते वेळेआधीच बेडूक झाले, माशीएवढे बेडूक! का, ते तेव्हा कळले नव्हते. आज कळते. बेडूकमाशाला वाढायला जो वेळ मिळतो तो रिकाम्या ग्राहीने जनुके दाबून धरल्यामुळे मिळतो.

आता थोडे मिठाबद्दल. खारपाणपट्ट्यात येऊन मिठाबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला परत बोलावणार नाही. वान नदीवरच्या हनुमान सागर धरणाचे पाणी गावात येण्याआधी विहिरीचे पाणी कसे लागत असे, हे इथल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. शरीरात मीठ धरून ठेवायचे काम अल्डोस्टेरॉन करते. मूत्रपिंडावर बसलेल्या छोट्या ग्रंथीत ते तयार होते, मूत्रपिंडातल्या ग्राहीला चिकटते, आणि मीठ परत रक्तात ओढणारी जनुके जागी होतात. १९८७ मध्ये हा ग्राही वेगळा काढून तपासला, तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले. तो कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकालाही तितक्याच आवडीने चिकटत होता. आणि कॉर्टिसॉल रक्तात अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असते. मग अल्डोस्टेरॉनला जागाच कशी मिळते? मूत्रपिंड सतत मीठ का ओढत नाही?

उत्तर पुढच्याच वर्षी मेलबर्न आणि एडिंबरोच्या गटांकडून आले. मूत्रपिंडाच्या त्या पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, पहारा देत असते. कॉर्टिसॉल आत आले की ते लगेच त्याला निष्क्रिय करते. मेंदूच्या आणि हृदयाच्या बऱ्याच पेशींत हे विकर नाही. तिथे तोच ग्राही कॉर्टिसॉलचे काम करतो. म्हणजे ग्राही एकच, शेजारी वेगळा, म्हणून काम वेगळे. हे विकर कशाने बंद पडते, माहीत आहे? ज्येष्ठमधाने. खोकल्याला एखाद-दुसऱ्या वेळी ज्येष्ठमध चघळायला हरकत नाही. पण महिनोन्महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा घेणाऱ्याचा रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम घसरू शकते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी हे डॉक्टरांना सांगावे. 'झाडपाला आहे, त्याने काय होणार' असे म्हणू नका. झाडे संप्रेरकांच्या वाटेत किती कुशलतेने शिरतात, ते आपण आत्ताच कागदाच्या गोष्टीत पाहिले.

आता मी ज्या विषयासाठी खरे तर इथे आलो, तो. स्तनाची गाठ. आपल्याकडे बाया त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून मी माईकवरून मोठ्याने बोलणार आहे.

१८९६ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी लिहिले, की पुढे गेलेला स्तनाचा कर्करोग बीजांडकोष काढल्यावर आटला. त्यांना ही कल्पना कुठून सुचली? काही देशांत शेतकरी गाय व्यायल्यावर दूध टिकावे म्हणून तिचे बीजांडकोष काढत, हे त्यांच्या वाचनात आले होते. स्तन आणि बीजांडकोष यांचा काही संबंध आहे, हे गोठ्यातल्या माणसाला आधी दिसले होते. संबंध कशाचा, हे कळायला साठ वर्षे लागली. शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन तयार केले आणि ते शरीरात कुठे जाऊन थांबते ते पाहिले. ते गर्भाशयात थांबत होते, स्नायूत नाही. म्हणजे गर्भाशयात त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते. १९५८ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी हे सांगितले तेव्हा खोलीत श्रोते होते पाच, आणि त्यातले तिघे पुढचे वक्ते! बाकी सगळी परिषद शेजारच्या मोठ्या सभागृहात होती. आज जगात कुठेही स्तनाची गाठ काढली की पहिली चौकशी त्या पाच माणसांसमोर सांगितलेल्या गोष्टीची होते.

ती चौकशी कागदावर कशी दिसते, हे बारकाईने सांगतो. तुमच्या घरात कोणाची गाठ काढली असेल तर फाईल उघडा. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावे असतील. हर-टू हे पेशीच्या पडद्यावरचे प्रथिन, त्याबद्दल शेवटी सांगतो. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राही, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. त्यापुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असेल, आणि बऱ्याचदा ८ पैकी गुण लिहिलेले असतील. ८ पैकी ७ म्हणजे गाठीतल्या पेशींत ग्राही भरपूर आहे. तिला इस्ट्रोजेन अडवणाऱ्या गोळीचा उपयोग होईल. ० म्हणजे ती गोळी देण्यात अर्थ नाही. पुढच्या पाच-दहा वर्षांचे औषध या एका आकड्यावर ठरते.

आणि हा आकडा चुकू शकतो, कुठे माहीत आहे? गाठ काढल्यानंतरच्या पहिल्या तासात. काढलेला तुकडा लगेच, शक्यतो तासाभरात, भरपूर फॉर्मालिनमध्ये बुडायला हवा. त्यात तो सहा तास तरी राहायला हवा, आणि तीन दिवसांहून जास्त नको. तुकडा नुसत्या सलाईनच्या बाटलीत, किंवा कोरडाच, एस.टी.ने अकोल्याला गेला, उन्हात पडून राहिला, तर ग्राही प्रथिन नासते. तपासणीत ते दिसत नाही. मग कागदावर 'निगेटिव्ह' येते आणि जी गोळी त्या बाईला वाचवू शकली असती ती तिला कधीच मिळत नाही. बाईला हे कळतही नाही. म्हणून नातेवाइकांनी विचारायला लाजू नये: तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवला ना? मेणात ओतलेला त्याचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो कुठे आहे? मोठ्या दवाखान्यात जाताना तो सोबत न्या. चाचणी पुन्हा करता येते.

बरे, पीआर का बघतात? बरीच वर्षे उत्तर सरळ होते: इस्ट्रोजेनचा ग्राही काम करत असेल तर तो प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीचे जनुक जागे करतो, म्हणून पीआर असणे ही ईआर कामात असल्याची खूण. २०१५ मध्ये केंब्रिजच्या एका गटाने दाखवले की पीआर ही नुसती खूण नाही. प्रोजेस्टेरॉन चिकटलेला पीआर इस्ट्रोजेनच्या ग्राहीजवळ येतो आणि त्याला डीएनएवरच्या वेगळ्याच जागांवर नेऊन बसवतो. जागा बदलली की जागी होणारी जनुके बदलतात, आणि गाठीची वाढ मंदावते. एक ग्राहीच दुसऱ्या ग्राहीचा सोबती झाला.

या गोष्टीत महाराष्ट्राचा एक मोलाचा हात आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी १९९१ मध्ये, लंडनच्या गायज रुग्णालयातल्या रुग्णांच्या नोंदींवरून एक प्रश्न पुढे आणला: पाळीच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया होते याने फरक पडतो का? ज्या दिवसांत रक्तात प्रोजेस्टेरॉन जास्त असते, त्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्या बायांचे पुढे बरे चाललेले दिसत होते. मग टाटामध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक हजार स्त्रियांवर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी. एका गटाला शस्त्रक्रियेआधी ५ ते १४ दिवस हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन, दुसऱ्याला नाही. निकाल २०११ मध्ये छापून आला. सगळ्या स्त्रियांचा हिशेब एकत्र केला तर फरक ठोस नव्हता. पण ज्यांच्या काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला होता, त्यांच्यात पाच वर्षांनी रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शनवाल्या गटात सुमारे ६५ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ५५ टक्के होते. एक स्वस्त, जुने, गर्भारपणात वापरले जाणारे इंजेक्शन!

टाटाच्याच खारघर येथील संशोधन केंद्रात पुढे तपासले तर प्रोजेस्टेरॉनचा ग्राही नसलेल्या पेशींचीही पसरण्याची चाल प्रोजेस्टेरॉनने मंदावली. मी आत्ताच तुम्हाला ग्राहीचे महत्त्व सांगितले, आणि इथे ग्राहीशिवाय परिणाम! मला यात विरोध दिसत नाही. ज्या ग्राहीची आपण चाचणी करतो त्याच्याखेरीज पेशीत दुसरेही ग्राही आहेत, त्यांचे दुसरे सोबती आहेत. हा प्रश्न मुंबईत विचारला गेला, त्यासाठी आपल्याच देशातल्या बायांनी चाचणीत नाव घातले, याचा मला फार अभिमान आहे.

शेवटचा मुद्दा टॅमॉक्सिफेनचा, कारण या सभागृहातल्या काही घरांत ती गोळी आजही कपाटात असेल. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी ती गर्भनिरोधक म्हणून बनवली. उंदरांत तिने गर्भ राहू दिला नाही. बायांमध्ये उलट बीजांड बाहेर पडायला मदत केली. त्या कामाला ती निरुपयोगी ठरली. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या मेरी कोल यांनी तिचा स्तनाच्या कर्करोगातला पहिला अहवाल दिला. आज ईआर पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रीने ती पाच वर्षे घेतली तर या रोगाने मृत्यू येण्याचा धोका साधारण एक-तृतीयांशाने कमी होतो.

ही गोळी इस्ट्रोजेनच्याच जागी ग्राहीत बसते. पण तिचा आकार असा की ग्राहीचा एक भाग वळून सोबत्याची खाच झाकून टाकतो. सोबत्याला बसायला जागा उरत नाही. स्तनात त्या ठिकाणी आवळणारे सोबती येतात, जनुक बंद, वाढ बंद. गर्भाशयात मात्र तीच गोळी इस्ट्रोजेनसारखी वागते आणि अस्तर वाढवते. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना ती बळकटी देते. एक गोळी, एक ग्राही, तीन अवयव आणि तीन वागणुकी. २००२ मध्ये बॉस्टनच्या एका प्रयोगशाळेने याचे कारण दाखवले: गर्भाशयाच्या पेशीत एसआरसी-१ हा सोबती भरपूर असतो, स्तनाच्या पेशीत कमी. गर्भाशयातला एसआरसी-१ काढून घेतला तर गोळी तिथेही इस्ट्रोजेनसारखी वागेनाशी झाली.

आणि तैमान आठवतो? बालसंप्रेरकाचा सोबती? माणसात त्याच्या नात्यातला एसआरसी-३ आहे. १९९७ मध्ये तो स्तनाच्या काही गाठींत गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरलेला सापडला. ज्या गाठीत तो आणि हर-टू दोन्ही जास्त, तिथे टॅमॉक्सिफेन थकते. कधी कधी उलटेही वागते. त्या कागदावरचे तिसरे नाव, हर-टू, ते हेच. पऱ्हाटीवरच्या माशीचे बालपण आणि आपल्या बहिणीच्या गाठीचे औषध, दोन्हीच्या मागे एकाच घराण्यातले प्रथिन आहे.

जिच्या घरी ही गोळी चालू आहे तिला दोन गोष्टी सांगून थांबतो. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त गेले, थोडेसे डाग जरी दिसले, तरी 'वयाचे असेल' म्हणून बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. गर्भाशयात ही गोळी वेगळी वागते, ते आत्ताच ऐकले. आणि अंगात गरम वाफा येतात, चिडचिड होते म्हणून गोळी मनाने सोडू नका. त्रास सांगा, डॉक्टर बदल सुचवतील. गोळी सुटली की काही आठवड्यांत ती शरीरातून जाते आणि ग्राही पुन्हा इस्ट्रोजेनसाठी मोकळा होतो. आता तुमचे प्रश्न घेतो, आणि बायांचे आधी.